मुरलीधररावांना बोलावणं

"मुरलीधर आवटी इथंच राहतात का?"

दारात खाकीतली एक बाई उभी होती. वयानं तरुण, घामानं निथळलेली. चैत्रातलं ऊन आणि आमचा दुसरा मजला. तिला धड श्वासही घेता येत नव्हता. मी आंब्याच्या डाळीसाठी कैरी किसत होते, तशीच किसणी हातात घेऊन दाराशी आले होते.

खरं उत्तर सोपं होतं. मुरलीधर आवटी म्हणजे माझे यजमान. वीज मंडळात वायरमन होते आणि त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. पण तिनं 'राहतात का' असं विचारलं. इतक्या वर्षांत त्यांच्याबद्दल 'राहत होते'च्या पुढं कुणी बोललं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "हो. इथंच राहतात की."

"आहेत का घरात?"

मी हॉलमधल्या भिंतीकडं पाहिलं. "आहेत."

"बोलवा जरा."

"ते उठून येत नाहीत हो. तुम्ही सांगा, मी निरोप पोचवते."

"आजारी आहेत का?"

"छे. आता काही दुखत नाही त्यांचं."

तिनं कपाळ पुसलं. "उद्या सकाळी ठाण्यात हजर राहायला सांगितलंय साहेबांनी. स्वतः यायचं. दुसरं कुणी चालणार नाही."

मी तिला पाणी दिलं, वर वाटीभर डाळ दिली. तिनं उभ्याउभ्याच खाल्ली. जिना उतरता उतरता मागं वळून हळूच म्हणाली, "ताई, तो 'भीती-किती'वाला तुमचाच ना? मी किती वेळा ऐकला काय सांगू!" आणि कुणी ऐकलं तर नाही ना, अशी इकडंतिकडं बघत सटकली.

मी दार लावलं आणि हसत सुटले. किसणी खाली पडली तरी हसू थांबेना.

हे सगळं सुरू झालं ते माझ्या मुलीमुळं. केतकी तेव्हा पुण्यात वकिली शिकत होती. सरकारनं सुरक्षेसाठी म्हणून एक नवा कायदा आणायचा घाट घातला होता, त्याच्या मसुद्यावर लोकांकडून हरकती मागवल्या होत्या आणि आमची ही बया सुट्टीला येताना कपड्यांबरोबर तो मसुदाही घेऊन आली होती. कृष्णाकाठच्या आमच्या गावात चार बिऱ्हाडांची आमची छोटी इमारत. गच्ची सगळ्यांची. तिथं आम्ही चौघीजणी कुरडया घालत होतो आणि केतकी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून आम्हाला मसुदा वाचून दाखवत होती.

"'शब्दाने, खुणेने, चित्राने अथवा अन्य कोणत्याही प्रकारे सुव्यवस्थेस बाधा आणणारी व्यक्ती...'"

"अन्य म्हंजे कुठला प्रकार?" पुष्पानं विचारलं. पुष्पा कोळेकर, आमच्या समोरची. तिचे यजमान बाळासाहेब जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी.

"ते लिहिलेलंच नाही काकू. ते अधिकारी ठरवणार."

"मग मागच्या उन्हाळ्यात आपण नगरपालिकेवर हंडे घेऊन गेलो होतो ते?"

"बसवलं तर बसेल त्यात."

"अगं, मी तर नुसता हंडा बडवला होता!"

"ती खूण झाली," शबाना म्हणाली. "मी ओरडले होते, ते शब्दात गेलं. आणि माझं आडनाव मुजावर. तुम्ही सगळ्या संध्याकाळपर्यंत हंडे घेऊन घरी याल, मला तिथंच ठेवून घेतील." ती हसत हसतच बोलली. आम्हाला मात्र हसायला जरा वेळ लागला. शबाना खालच्या मजल्यावरची. तिचा इक्बाल मिरजेला तंबोऱ्यांच्या दुकानात तारा जुळवायचं काम करायचा.

चौथी सुलभा चौगुले. ती बोलायला लागली की गल्लीतली कुत्री गप्प व्हायची. तिचे आनंदराव पोलिसात हवालदार होते आणि तेही गोपनीय विभागात. म्हणजे गावात कुठं मोर्चा निघतोय, कुठं उपोषण होतंय याचा वास काढून साहेबांना कळवायचं हे त्यांचं काम. गोपनीय कसलं, सुलभा सगळ्या गावाला सांगून मोकळी व्हायची. "आमच्या ह्यांना कळायच्या आधी मला कळतं," असं ती म्हणायची आणि त्यात काही खोटं नव्हतं.

केतकी तणतणत होती. तिनं ह्या मसुद्यावर फेसबुकवर एवढं मोठं लिहिलं होतं आणि वाचणारे म्हणाल तर तिच्याच वर्गातले.

"लोकांना दोन ओळींच्या वर झेपत न्हाई बघ," सुलभा म्हणाली.

"दोन ओळींत मी कायदा कसा समजावू काकू?"

"दोन ओळींत मी अख्खा नवरा घेते की! वासंती, घाल गं एक उखाणा. कायद्यावर."

उखाणे घालणं हे माझं काम. गावातल्या निम्म्या नवऱ्यामुलींनी माझे उखाणे घेतलेत. बारसं असो, डोहाळजेवण असो, गृहप्रवेश असो, "वासंतीवहिनींकडं जा, त्या देतील" असं ठरलेलं. नवऱ्याचं नाव आणि गाव सांगा, चहा होईपर्यंत उखाणा तयार. हळदीकुंकवाला मात्र मी स्वयंपाकघरात असायची. मला कुणी तिथं ढकललं नव्हतं. पन्हं मीच गाळायची, डाळीच्या वाट्या मीच भरायची आणि बाहेर माझेच उखाणे एकेकीच्या तोंडून ऐकायची. सगळ्यांचं घेऊन झालं की वाट्या बाहेर जायच्या. मला कुणी "नाव घे" म्हणत नव्हतं. म्हणणार कसं? म्हणणाऱ्यालाच अवघडल्यासारखं झालं असतं. त्यामुळं मुरलीधर ह्या नावाला किती छान यमकं जुळतात हे एकट्या मला ठाऊक होतं. भाजी निवडताना मी ती मनात जुळवायची आणि देठांबरोबर टाकून द्यायची.

तर कुरडईचा घाणा निघेपर्यंत मी तिघींना तीन उखाणे घालून दिले. केतकीचे डोळे लकाकले.

"आई, हेच! हेच टाकायचं. उखाण्यातून हरकत! पण चेहरे दाखवायचे नाहीत हं कुणी. बाळासाहेबकाका सरकारी, चौगुलेकाका तर पोलीसच. कुणालाही ओळखू येता कामा नये."

त्यात आम्हाला अवघड काय? स्कूटरवरून दळण आणायला जायचं तरी आम्ही सनकोट, डोक्याला-तोंडाला स्कार्फ आणि वर गॉगल घालून निघतो. चौघी तशा सजून गच्चीवर आलो तेव्हा पुष्पा समोर असूनही तिच्या सासूला ओळखता आली नाही, उलट सासू "कोण तुम्ही? कुणाकडं आलाय?" म्हणत काठी घेऊन उभी राहिली. तिला खाली पाठवेपर्यंत आमची हसून हसून पुरेवाट झाली होती. केतकीनं फार काळजी घेतली. मागं ओळखीचं देऊळ दिसत होतं, म्हणून आम्हाला टाकीकडं वळवलं. शबानाच्या हातावरची मेंदी झाकली. माझ्या तर बोटातली अंगठीही काढायला लावली. चारही बाजूंनी पक्कं करून तिनं नवं खातं उघडलं, त्याला नाव दिलं 'निनावी बायका', आणि मोबाइल समोर धरला.

सुलभा पहिली. कमरेवर हात ठेवून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात:

"कलमाला नाही शेवट, व्याख्येला नाही वेसण,
आनंदरावांच्या लाडवांना मोजूनच घेते बेसन!"

मग पुष्पा:

"हंडा घेऊन निघाले तर म्हणे सुरक्षेला धोका,
बाळासाहेबांचं नाव घेते, आधी मसुदा रोखा!"

मग शबाना, गोड गळ्यानं:

"शिरखुर्म्यात घातली चारोळी आणि काजू,
इक्बालचं नाव घेते, आमचीही ऐका बाजू!"

"झालं," केतकी म्हणाली. "तीन छान झाले."

मी टाकीला टेकून उभी होते. तोंडावर स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, अंगात लांब बाह्यांचा सनकोट. मी सुवासिनी की कोण, हे आता बघून कुणाला कळलं असतं? तिथं चार सारख्या बायका होत्या, बस्स. मला एकदम मोकळं मोकळं वाटलं. मी पुढं झाले.

"थांब गं. चौथा राहिलाय."

केतकीनं मोबाइल खाली घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा वर धरला.

"विजेच्या खांबावर चढताना ज्यांना वाटली नाही भीती,
मुरलीधररावांचं नाव घेते, मी तरी गप्प बसू किती?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी हसलंही नाही. तिघींच्या डोळ्यांत काय होतं ते गॉगलांमुळं दिसलं नाही आणि ते बरंच झालं. मी पटकन कुरडयांकडं वळले, दोन उगीचच उलट्या केल्या. छाती नुसती धडधडत होती, पण ती आनंदानं. पळत जाऊन जिना उतरावा आणि पुन्हा चढावा असं वाटत होतं.

केतकीनं चारही वेगवेगळे टाकले. आणि मग जे काही झालं, ते विचारू नका! दुसऱ्या दिवशी दुपारी पुष्पाला तिच्या साताऱ्याच्या बहिणीनं तिचाच व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ कसल्या धीट बायका आहेत, नाहीतर आपण!" लातूरहून, चंद्रपूरहून, कुठून कुठून बायका स्कार्फ बांधून उखाणे टाकायला लागल्या. कुणी शेतातून, कुणी बँकेच्या काउंटरमागून. एका आजीला स्कार्फ बांधता येईना म्हणून तिनं तोंडावर परात धरली होती. सोबत केतकीनं हरकत कुठं पाठवायची तो पत्ता दिला होता, तिथं हरकतींचा ढीग पडला. त्या मसुद्याचं पुढं काय व्हायचं ते झालं आणि त्यात आमच्या उखाण्यांचा वाटा किती हे मला आजही सांगता येणार नाही. पण ते तीन-चार दिवस आम्ही जमिनीवर नव्हतो. भाजीवाल्याकडं उभ्या राहिलो तरी एकमेकींना कोपरानं ढोसून खिदळायचो.

आनंदराव मात्र जेवेनासे झाले होते. सुलभाला वाटलं, ऊन लागलं असेल.

मग एका सकाळी शबाना जिन्यात आडवी आली. तोंडावरचा रंग उडालेला.

"वहिनी, आपण तोंडं झाकली. मेंदी झाकली. देऊळ झाकलं."

"हो मग?"

"आणि मग काय केलं? एकेकीनं पुढं येऊन नवऱ्याचं नाव सांगितलं."

खरं सांगते, तोवर हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. एवढी वकिली शिकणारी केतकी, तिच्याही नाही. जन्मापासून उखाणे ऐकलेले. उखाण्यात नवऱ्याचं नाव असणार, हे जेवणात मीठ असावं तसं. त्याला कुणी नाव म्हणून ऐकतच नाही. केतकीनं डोक्याला हात लावला. पुष्पा तर भांडायलाच उठली, "अगं पण नाव घ्यायचं न्हाई तर उखाण्यात दुसरं काय घ्यायचं?"

आणि भरीत भर म्हणजे जिन्याखालची पाटी. चौगुले, कोळेकर, मुजावर, आवटी. पूर्ण नावांनिशी, वरून खाली, अगदी व्हिडिओतल्याच क्रमानं. पाटीवरचं ह्यांचं नाव मी बदललं नव्हतं. सोसायटीनं एकदा विचारलं तेव्हा, "रंगारी मिळाला की बघू," असं म्हटलं होतं आणि रंगारी काही मला कधी मिळाला नाही.

त्या संध्याकाळी सुलभा घरी आली. नेहमी दारातूनच ओरडणारी बाई, आज आत येऊन हळू बोलली.

"केतकी, ते व्हिडिओ काढून टाक बाळा. ह्यांच्या बढतीचं चाललंय. ठाण्यात ह्यांनाच शोधायला सांगितलंय म्हणं, ह्या बायका कोण त्या. पहिल्याच दिवशी माझा आवाज वळखला होता त्यांनी. तेव्हापासनं घशाखाली घास उतरंना झालाय त्यांच्या."

"काढते काकू."

"सगळे काढ. चारीच्या चारी."

"माझा राहू दे," मी म्हटलं.

सुलभा माझ्याकडं वळली. "एक धरला की चारी सापडतील, वासंती. आणि तुझं बरं हाय. तुझ्या घरात नोकरी जायला हाय कोण?"

बोलून गेली आणि लगेच तिचा चेहरा पडला. मला लागलं ते लागलंच. पण तिचं म्हणणं खोटंही नव्हतं. तिच्या घरात खरीखुरी भीती होती आणि माझ्या घरात नुसत्या दोन ओळी. त्या दोन ओळी पुसायच्या म्हणजे ह्यांना पुन्हा एकदा पोचवून यायचं, असं मला वाटलं. ते काही मी बोलले नाही. "उद्या बघू," म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, आमचं काही ठरायच्या आतच, ती खाकीतली बाई दारात आली. त्याआधी कुणाच्या तरी पासपोर्टच्या चौकशीला म्हणून ती आमच्या गल्लीत आली होती, तेव्हा तिनंच जिन्याखालची पाटी वाचली होती म्हणे.

"आई, तू 'आहेत' म्हणालीस?" केतकी ओरडली. "पोलिसांना? हजर राहायचंय बाबांना! आता मृत्यूचा दाखला शोध कुठंय तो, तो दाखवून येऊ."

"दाखला कशाला? त्यांनी माणूस बोलावलाय. मी माणूसच नेते."

मी स्टुलावर चढले, भिंतीवरचा फोटो उतरवला, हार काढला आणि काच ओल्या फडक्यानं लख्ख पुसली. वीज मंडळाच्या ओळखपत्रासाठी काढलेला, मग मोठा करून घेतलेला फोटो. अंगात कडक शर्ट आणि चेहरा असा की आता शिंकतील. फोटोग्राफरनं "हसू नका" म्हटल्यावर ह्यांना हमखास शिंक यायची.

ठाण्यात पोचलो तेव्हा बाकावर बाळासाहेब आणि इक्बाल अंग चोरून बसले होते. बायका बाहेर लिंबाच्या झाडाखाली. साहेबांचा हुकूमच होता, बायकांना आत आणायचं नाही, उगाच गावभर बोभाटा नको. केतकीलाही दारात थांबवलं. मी पदराखाली फोटो धरून आत शिरले, तर अडवणारी नेमकी ती कालचीच शिपाईबाई. तिनं पदराखालची चौकट पाहिली, जीभ चावली आणि बाजूला झाली.

साहेबांचं आडनाव सरनाईक. नुकतेच बदलून आले होते. टेबलाशेजारी आनंदराव उभे, नजर जमिनीला.

"वरून फोन आलाय," सरनाईक बोलत होते. "मला ह्यात वाढवायचं नाही. फक्त आपापल्या मिसेसना समज द्या. हां, पहिला कोण? आनंदराव. चौगुले हवालदार, तुमच्या आडनावाचाच दिसतोय. कुठं गेला हा आनंदराव?"

आनंदराव टेबलापासून निघाले, चार पावलं चालत बाकापाशी आले आणि बाळासाहेबांच्या शेजारी बसले.

"हजर आहे, साहेब," ते म्हणाले.

सरनाईकांचं तोंड उघडंच राहिलं. मागं शिपाईबाईला ठसका लागला.

"म्हणजे ते बेसन..."

"आमच्याच घरचं, साहेब."

मग सरनाईकांनी डोळे चोळले आणि त्यांची नजर माझ्याकडं वळली. "तुम्ही कोण? बायकांना आत घ्यायचं नाही म्हटलं होतं मी."

"मी आपली सोबत आलेय, साहेब. ह्यांना बोलावलंय तुम्ही." आणि मी फोटो बाकावर नीट टेकवून ठेवला. इक्बालनं सरकून जागा करून दिली.

सरनाईक उठून टेबलाच्या अलीकडं आले. खाली वाकून फोटो पाहिला. गोरेमोरे झाले. "हे... हे कोण?"

"मुरलीधर आवटी. स्वतः यायचं, दुसरं कुणी चालणार नाही, असा तुमचा निरोप होता."

"बाई, अहो..." शिपाईबाईकडं त्यांनी असं पाहिलं की ती भिंतीत शिरायची बाकी राहिली. "आणि त्या व्हिडिओतल्या तुम्ही?"

"मीच."

"कशावरून? तिथं तर नुसता गॉगल दिसतोय." साहेब खुर्चीत जाऊन बसले, घसा साफ केला. आपण काय बोलतोय हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं असावं. "खात्री करायला पाहिजे. नाव घ्या बघू."

नाव घ्या!

नऊ वर्षांत किती हळदीकुंकू झाली, किती बारशी झाली, गावातल्या किती पोरी मी उखाणे देऊन सासरी धाडल्या. मला मात्र हे दोन शब्द कुणी म्हटले नव्हते. म्हटले ते सरकारनं, आणि तेही ठाण्यात, चार पुरुषांसमोर. मला हसू आवरेना, डोळेही भरून आले, दोन्ही एकदमच. आज गॉगल नव्हता, स्कार्फ नव्हता. मी डोक्यावरून पदर घेतला, नव्या नवरीसारखी जराशी लाजले सुद्धा, आणि जागच्या जागी जुळवला:

"बोलावणं आलं ठाण्याचं, चुकवू नये म्हणून,
मुरलीधररावांना आणलं भिंतीवरून काढून!"

"वा वहिनी!" बाळासाहेब गुरुजी आपण कुठं बसलोय हे विसरून ओरडले. इक्बालनं टाळी वाजवली. आनंदराव रुमालात तोंड घालून गदगदा हलत होते. हसत होते की रडत होते ते काही मला कळलं नाही. सरनाईकांनी दोन्ही हात तोंडावर धरले होते, पण त्यांचे खांदे सगळं सांगत होते.

मग त्यांनी कसंबसं तोंड सरळ केलं आणि कामाला लागले.

"आनंदराव. मिसेसचा व्हिडिओ आज उतरवायचा. जबाबदारी कुणाची?"

"माझी, साहेब."

"बाळासाहेब?"

"माझी."

"इक्बाल मुजावर?"

इक्बालनं जरा वेळ घेतला. "माझीच," तो म्हणाला.

"मुरलीधर..." सरनाईक थांबले. फोटो त्यांच्याकडं शिंकेच्या बेतात बघत होता. "तुमच्या घरात दुसरं कोण आहे, बाई? दीर? मुलगा?"

"एक मुलगी आहे. दारात उभी आहे. कायदा शिकते."

सरनाईकांनी दाराकडं पाहिलं. केतकी मसुद्याची गुंडाळी छातीशी धरून उभी होती.

"म्हणजे जबाबदारी घ्यायला..."

"मी आहे की, साहेब. माझी जबाबदारी माझी. आणि मी काही तो काढणार नाही. कुठल्या कायद्यानं काढायचा? तो कायदा तर अजून व्हायचाय. सरकारनंच हरकती मागवल्यात, मी माझी हरकत कळवली."

सरनाईकांनी बाकाकडं पाहिलं. बाकावरच्या तिघांना नोकऱ्या होत्या, बढत्या होत्या, आडनावं होती. चौथ्याला त्यांच्याजवळ घाबरवण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुमचं राहू द्या," ते म्हणाले. "आणि साहेबांना घेऊन जा घरी. ऊन फार आहे बाहेर."

फोटो आनंदरावांनी उचलला. मी नको म्हणत असतानाही दोन्ही हातांनी धरून दारापर्यंत आणला आणि माझ्या हातात देताना म्हणाले, "मुरल्या असता तर आज ठाणं डोक्यावर घेतलं असतं त्यानं, वहिनी."

लिंबाखाली तिघी धावत पुढं आल्या. सुलभाचं तोंड रडून सुजलं होतं.

"काय झालं गं? ह्यांना काय म्हणाले?"

"काही नाही. तुमचे तिघींचे काढायचेत, आजच्या आज. मिटलं."

"आणि तुझा?"

"माझा राहिला. राहू द्या म्हणाले."

तिघी एकमेकींकडं बघत राहिल्या. आधी शबानाला कळलं, तिनं तोंडाला ओढणी लावली. मग पुष्पाला. सुलभा माझ्याकडं बघत होती, फोटोकडं बघत होती, आणि मग ती एकदम फुटलीच. हसता हसता खाली बसली, रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली, तरी तिला थांबता येईना.

"म्हंजे आता," ती श्वास घेत म्हणाली, "आमच्यात नवऱ्याचं नाव घेणारी तू एकटीच राहिलीस की गं!"

"हो ना," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्यानं अडवलंच नाही मला."